ट्रॅक्टरला गोडं पाणी पाजणारी मावशी

माझी मावशी ट्रॅक्टरच्या कपाळाला हात लावून त्याचा ताप बघायची. तळहात नाही, उलटा हात. तुमची आई तुमच्या कपाळाला लावते तसा. क्षणभर डोळे मिटायची आणि निकाल द्यायची, "कणकण हाय. घडीभर बसू द्या त्याले." त्या घरात ट्रॅक्टरचा मान जावयापेक्षा थोडाच कमी होता.

बाळांनो, आमच्या काळी बायका गाडी चालवायच्या का, असं तुम्ही परवा विचारलंत. इतरांचं मला ठाऊक नाही. मावशी ट्रॅक्टर चालवायची, नऊवारी लुगड्यात, पदर कमरेला खोचून. तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि दुसरी मोठी लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. मावशीचं गाव संग्रामपूरच्या बाजूला, खारपाण पट्ट्यातलं. गावातल्या सगळ्या विहिरी खाऱ्या. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे आणि डाळ शिजत नसे. प्यायचं गोडं पाणी सातपुड्याच्या पायथ्याहून बैलगाडीवर, पिंपांतून, दिवसाआड यायचं. त्या गावात पाहुण्याला दूध सहज मिळे; पाणी मात्र मोजून.

मावसाजी वारले तेव्हा मावशीच्या वाट्याला वीस एकर काळी जमीन आली आणि त्या जमिनीत माजलेला कुंदा. कुंदा म्हणजे मुळं हातभर खोल सोडणारं गवत; बैलांच्या नांगराला ते जुमानत नाही. शेजारच्या घरात तिचे दीर राहायचे. त्यांनी चार जाणत्या माणसांसमोर सांगून टाकलं, "वहिनी, हे बाईमाणसाचं काम नाही. मृग लागेपर्यंत कुंदा निघाला तर तुमचं शेत तुम्ही पेरा. नाही निघाला तर मी वाहीन." मावशी म्हणाली, "हाव." एकदा दिरांच्या नांगराखाली गेलेलं शेत परत येत नाही, हे त्या चौघांनाही माहीत होतं आणि मावशीलाही.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं खामगावहून एक जुना, लहानसा ट्रॅक्टर आणवला. बैलजोडीच्या जागेत मावेल एवढाच. त्याच्याबरोबर एक ड्रायव्हर आला, तो स्वतःला फोरमन म्हणवून घ्यायचा. ऐन वैशाखात, भर दुपारी, फोरमन सगळ्यात खोल नांगर लावून ट्रॅक्टर हाणायचा. पाचव्या दिवशी इंजिन थंड ठेवणाऱ्या पुढच्या पाण्याच्या टाकीतून चुलीवरच्या हंड्यासारखा आवाज यायला लागला. फोरमननं टाकीचं झाकण फिरवलं, वाफेचा फवारा उडाला, आणि तो हात भाजून ओरडत गेला तो खामगावलाच. पगारालाही परत आला नाही.

मी तेव्हा मॅट्रिकची परीक्षा देऊन सुट्टीला आले होते. ट्रॅक्टरबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं आणि ते वाचू शकणारी घरात मी एकटी. मावशीनं मला ओसरीवर बसवलं. "वाच, माय."

"इंजिन तापलेलं असताना झाकण उघडू नये," मी वाचलं.

"हे सांगाले साह्यब लागला?" मावशी म्हणाली. "उकळत्या हंड्यावर कोनी तोंड वाकवते काय? पुढं वाच."

"टाकीत स्वच्छ आणि मऊ पाणी भरावं."

"मऊ? पानी का गादी हाय?"

मी शाळेत शिकलेलं आठवून सांगितलं की मऊ पाणी म्हणजे ज्यात साबणाला फेस येतो ते. मावशी ताडकन उठली. "म्हंजे गोडं पानी! अन त्या फोरमननं याले विहिरीचं पाजलं! ज्या पान्यात डाळ शिजत नाही, ते याच्या पोटात काय दिवे लावीन?" तिनं न्हाणीतला बंब आडवा करून मला दाखवला. आत बोटभर पांढरा थर. "हाच थर याच्याबी नळ्यांत बसला असन. मंग हवा लागते कुठून त्याले?"

बंब ती चिंचेनं घासायची, म्हणून ट्रॅक्टरलाही चिंचच घालायला निघाली होती. पुस्तकात धुण्याचा सोडा लिहिला होता. सोड्याचं पाणी भरून, इंजिन चालवून, मग सोडून दिलं तेव्हा खाली खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी आलं. मावशीचं समाधान झालं, पण थोडी हिरमुसलीही. "चिंच चालत नाही म्हने. इलायती पोटं!"

त्या दिवसापासून गोड्या पाण्याच्या पहिल्या दोन कळशा ट्रॅक्टरच्या. त्याही लुगड्याच्या पदरातून गाळून. आमची डाळ खाऱ्या पाण्यावर आली आणि मी महिनाभर दाताखाली कचकचणारं वरण खाल्लं. दीर कुंपणावरून विचारायचे, "काऊन वहिनी, मशीनले गोडं अन मानसाले खारं?" मावशी उत्तर द्यायची, "मानूस खारं पेलं तं तोंड वाकडं करते, भाऊजी. हे तं कुंद्यात बसूनच राह्यते."

चालवायचंही ती स्वतःच शिकली. पहाटे उजाडताच जुंपायची (हा तिचाच शब्द) आणि उन्हं चढली की लिंबाखाली आणायची. आणल्याबरोबर इंजिन बंद करायचं नाही, थोडा वेळ नुसतं घुरघुरू द्यायचं. "धावून आलेल्या बैलाले आपन एकदम बांधतो काय?" टाकीपुढच्या जाळीत गवताचा भुसा अडकायचा, तो ती केरसुणीनं आतून बाहेर झाडायची. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघायची. खाटेच्या नवारीइतका ताण असला की तिची मान हलायची. पुस्तकात हे सगळं होतं, पण पानं उलटून मी ते शोधेपर्यंत मावशीचं करून झालेलं असायचं.

शेवटचा दिवस उजाडला. उद्या मृग. शेताच्या टोकाला एक एकराची पट्टी उरली होती. आदल्या दिवशी पाण्याच्या गाडीचा आस मोडला होता, म्हणून घरातली शेवटची कळशी सकाळीच ट्रॅक्टरला गेली. मला आणि कुंद्याच्या मुळ्या वेचणाऱ्या बायांना मावशीनं ताक वाटलं. बांधावर निम्मं गाव जमलं होतं. दीरही होते, छत्री आणि गोड्या पाण्याची भरलेली घागर घेऊन.

दुपार कलली आणि टाकीच्या खालची रबरी नळी फाटली. पाणी ठिबकत होतं हे कळेपर्यंत वाफ निघाली. मावशीनं तिथंच इंजिन थांबवलं, उतरली, लुगड्याची चिंधी फाडून नळीला आवळून बांधली. पण टाकीत घालायला पाणी नव्हतं. विहीर चार पावलांवर होती, खारी.

"मावशी, आजच्या दिवस खारं घालू," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"एकदा पाजलं का उद्या पुन्हा पाजसीन," ती म्हणाली. मग ती सरळ बांधावर गेली, दिरांसमोर उभी राहिली, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊजी, पानी द्या."

आमच्या त्या पट्ट्यात माणूस वैर धरील, कोर्टात जाईल, पण तोंडानं मागितलेलं पाणी नाही म्हणत नाही. दिरांनी घागरीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं. कोणासाठी मागते आहे हे त्यांना कळत होतं. त्यांनी घागर पुढे सरकवली. "घ्या, वहिनी."

मावशीनं घागर उचलून ट्रॅक्टरशेजारी नेली आणि सावलीत ठेवली. आणि बसून राहिली.

"आता ओता ना!" दीरच ओरडले. त्यांनाही घाई झाली होती.

"तापल्या इंजिनात गार पानी? फुटीन नाही का ते? बसा."

पाऊण तास गाव बसून राहिलं. मग मावशीनं हात लावून पाहिलं, फडकं धरून झाकण सावकाश सैल केलं आणि घागर थोडीथोडी करत शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. सूर्य सातपुड्याआड जाताना नांगराचं शेवटचं तास (म्हणजे ओळ) पूर्ण झालं. दीर छत्री मिटून, रिकामी घागर उचलून घरी गेले. दुसऱ्या वर्षी आपल्या कुंद्यासाठी ते ट्रॅक्टर मागायला आले, आणि मावशीनं त्यांचंही शेत स्वतः नांगरून दिलं.

ते वीस एकर तिनं शेवटपर्यंत स्वतःच वाहिले. ती गेली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. भेटायला गेले तर दीर ओसरीवर एकटेच बसले होते, खूप म्हातारे झाले होते. मी त्या दिवसाची गोष्ट काढली. आता ते हसतील असं मला वाटलं होतं.

"मले वाटलं होतं, वहिनी घोटभर तरी पेईन," ते म्हणाले. "सकाळपासून तिच्या तोंडात पान्याचा थेंब नव्हता, पोरी. मी बांधावरून पाहून राह्यलो होतो ना."

मी तर दिवसभर तिच्या शेजारी उभी होते.