पडद्यावर न तुटणारी कॅप

आईच्या दाढेची कॅप दोन महिन्यांत दुसऱ्यांदा तुटली. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यावरच्या चलचित्रात तशाच कॅपवर वरून दाब पडत होता आणि ती शाबूत होती.

"लॅबच्या यंत्रातही टिकली आहे. आजी, तुम्ही काय खाल्लंत?"

"भाकरी. तुमच्या यंत्राला काय वाढता?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांचे यंत्र सरळ दाबते. माणूस बोलत, आडवेतिडवे, एकाच बाजूने चावतो. मिक्सर बिघडो, पर्सची चेन तुटो, दुकानदार हेच विचारतो, कसे वापरलेत? चाचणीत वस्तू पास झाली की नापास व्हायला आपणच उरतो.

घरी आईने भाकरी आमटीत कुस्करली आणि माझ्याकडे न बघता खाल्ली.