सरासरीरावांनी केलेली वजाबाकी

सरासरीराव हे नाव त्यांना विमा कचेरीतल्या लोकांनी टवाळीनं दिलं होतं, आणि त्यांना ते कौतुक वाटत आलं होतं. कुणी शिंकलं तरी हे विचारणार, महिन्यातून सरासरी किती वेळा? असा हा दीडशहाणा माणूस वाचनालयाच्या प्रश्नमंजुषा संघात होता.

संघ सहाजणांचा, सामन्याला चौघं बसायचे. उत्तर आपसात कुजबुजून ठरवायचं आणि एकानं मोठ्यानं सांगायचं, त्यामुळे गुण नक्की कुणामुळे मिळाला ते परीक्षकालाही कळत नसे. सांगायचं काम सरासरीरावांनी स्वतःकडे घेतलं होतं. आवाज खणखणीत, डोकं रिकामं, सोय उत्तम. शेजारी बायको बसे. ती कानात सांगायची, हे गर्जायचे, आणि परत खुर्चीत टेकेपर्यंत यांची खात्री पटलेली असायची की उत्तर आपल्याला येतच होतं.

अंतिम फेरीसाठी चौघं निवडायची वेळ आली. बायकोला त्यात बसायचं होतं. संसारात इतक्या उघडपणे तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. संघनायक होते दातांचे डॉक्टर. निवड आकडेवाल्यानंच करावी, असं त्यांनी ठरवलं.

सरासरीरावांची रीत सोपी होती. माणूस खेळला तेव्हाचे संघाचे सरासरी गुण घ्यायचे, तो नसतानाचे वजा करायचे, उरेल ती त्याची कमाई. गोम एवढीच होती, की हे दोघं नवराबायको खेळले तर दोघं, नाहीतर कुणीच नाही. मग कुणाची कमाई किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शहाण्यानं इथे हात टेकले असते. यांनी जोडीची सगळी कमाई स्वतःच्या नावावर मांडली आणि बायकोपुढे शून्य ठेवलं. लाज वाटायला आधी शंका यावी लागते, ती यांना कधी आलीच नाही.

"माझं शून्य?" बायकोनं विचारलं.

"अगं, मी कुठे म्हणतोय? आकडे म्हणतायत."

"तुमच्या कानात कोण सांगतं, ते आकड्यांना ठाऊक आहे का?"

"यात भावना आणू नकोस."

जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडणाऱ्या डॉक्टरांना आकड्यांपुढे स्वतःचं उघडवेना. बायको प्रेक्षकांत बसली.

अंतिम फेरीत पहिलाच प्रश्न आला, समुद्रघोड्यांमध्ये पिल्लं पोटाशी कोण वाढवतं? सरासरीरावांनी सवयीनं कान शेजारी कलता केला. बायकोच्या जागी बसलेल्या औषधवाल्यानं खांदे उडवले. मग हे उभे राहून गर्जले, "अर्थात मादी!"

"नर," परीक्षक म्हणाले. सभागृह हसलं. पुढेही तेच होत राहिलं, आणि संघ शेवटून पहिला आला.

घरी येताच ते संगणकापुढे बसले. बायकोशिवाय ते पहिल्यांदाच खेळले होते, त्यामुळे आता त्यांच्या एकट्याच्या कमाईची खरी वजाबाकी करता येत होती. ती त्यांनी दोनदा केली.

"काय आलं?" बायकोनं विचारलं.

"उणे," ते म्हणाले. "पण एका सामन्यावरून काही ठरत नसतं. नमुना फार लहान आहे."

"मग मोठा होऊ दे की. जिंकलेल्या संघात मी आत्ताच नाव देऊन आले. यापुढचे सगळे सामने तुम्ही माझ्याशिवायच खेळणार आहात."