नववी कल्पना मी लिहिली नाही

शनिवार, सप्टेंबरचा दुसरा आठवडा, नऊ वर्षांपूर्वी. वेळ साडेअकरा, सकाळची शाळा सुटल्यावर. ठिकाण : प्रताप नगरातल्या आमच्या प्राथमिक शाळेची शिक्षक-खोली. उपस्थित : मुख्याध्यापक डोंगरे सर, पहिलीच्या पाटणकर मॅडम, तिसरीच्या वनिता मेश्राम, चित्रकलेचे सर, जे अर्ध्यातून उठून गेले, आणि मी, पर्यवेक्षिका, नोंदी घ्यायला. अनुपस्थित : कोणी नाही.

एवढं रजिस्टरात आहे, माझ्याच अक्षरात. त्यात जे नाही, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण काही नाही. सांगते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी यादी करणारी बाई आहे. किराण्याची यादी, सासऱ्यांच्या गोळ्यांची यादी, कोणत्या वर्गाच्या वह्या तपासून आल्या त्याची यादी. बावीस वर्षांत माझ्या हातून एक उत्तरपत्रिका हरवलेली नाही. हे मिरवायला सांगत नाही. माझ्या यादीतून काही आपोआप सुटत नाही, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. जे सुटतं, ते मी सोडलेलं असतं.

डोंगरे सर कुठल्याशा प्रशिक्षणाहून एक नवी गोष्ट शिकून आले होते. म्हणाले, आपला मेंदू दोन वेगळी कामं करतो. एकात तो सुचवत जातो — वेडंवाकडं, उपयोगाचं, बिनउपयोगाचं, सगळंच. दुसऱ्यात तो परीक्षकासारखा बसून ते तपासतो. परीक्षक लवकर येऊन बसला की सुचवणारा गप्प होतो. म्हणून आमच्या शनिवारच्या बैठकीचे दोन भाग झाले. वर्गात नवं काय करता येईल, ते पहिली वीस मिनिटं नुसतं सुचेल तसं बोलायचं, कोणी ‘हे होणार नाही’ म्हणायचं नाही. मग चहा. मग तपासणी. बोललेलं सगळंच्या सगळं रजिस्टरात क्रमांकानं लिहायचं, हा नियम पहिल्या पानावर मीच मोठ्या अक्षरात लिहिला होता.

पहिल्या भागात मला कधी काही सुचायचं नाही. प्रयत्न केला नाही असं नाही. ऑटोत, स्वयंपाक करताना, प्रार्थनेला उभी असताना — मी वाट पाहायची. काही यायचं नाही. दुसऱ्या भागात मात्र मी पक्की. कोणती कल्पना चालेल, कोणते पालक भांडायला येतील, कार्डशीट किती लागेल, सगळं तोंडपाठ. पाटणकर मॅडम म्हणायच्या, “आमच्या मॅडम म्हणजे शाळेचा ब्रेक आहे. गाडी ढकला तुम्ही, थांबवायले ह्या आहेतच!” सगळे हसायचे. मीही हसायची. लागायचं का? लागायचं.

आणि वनिता. सव्वीस वर्षांची, घरी वर्षाची मुलगी, तात्पुरत्या नेमणुकीवर, कामठीहून बसनं यायची. वडील दुसऱ्याच्या पॉवरलूमवर कामाला. तिला येता-जाता सुचायचं. दहांतल्या नऊ कल्पना टाकाऊ असत, आणि त्यांना सगळ्यात आधी तीच हसायची. दहावी मात्र — मी परीक्षक ना, मला लगेच कळायची.

त्या शनिवारी आठ कल्पना लिहून झाल्या होत्या. चहा आला, कप वाजू लागले, सगळे तिकडे वळले. वनिता माझ्या शेजारीच होती. म्हणाली, “मॅडम, प्रत्येक पोराच्या घरी कोणाले ना कोणाले असं काही येते, जे आपल्यातल्या कोणालेच येत नाही. त्या माणसाले शनिवारी वर्गात बोलवायचं. त्यालेच शिकवू द्यायचं.” तिच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील कळमन्याच्या बाजारात हमाल होते. पोतं नुसतं उचलून वजन सांगायचे. “पोरं मंग ते पोतं वजनकाट्यावर टाकून पाहतीन ना मॅडम! वजन, अंदाज, फरक, सगळं शिकून जातीन. आन् त्या पोराचं तोंड पाहा तुम्ही त्या दिवशी.”

मी कच्च्या कागदावर लिहिलं : ९. हीच. दोन वर्षांच्या शनिवारांतली ही एकच खरी, हे मला त्या क्षणी कळलं, तिला स्वतःला कळायच्या आधी. चांगलं ओळखता येणं हा माझा गुण, त्यात मी चुकत नाही. त्याच क्षणी दुसरंही कळलं — ही मला सुचलेली नाही. सुचणारही नव्हती.

घरी जेवणाच्या टेबलावर मी रजिस्टर पक्कं करायला बसले. एक ते आठ उतरवलं. नऊवर पेन थांबलं. तेव्हा मनात काय होतं? मी पुष्कळदा शोधलं आहे. चोरायचा बेत नव्हता. पुन्हा हिलाच का, एवढंच होतं. मी आठच्या खाली रेघ मारली, सही केली. कच्चा कागद फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात दुधीच्या सालींखाली सारला. विसरलेली बाई कागद सालींखाली सारते का?

तीन आठवडे गेले. सरांनी विचारलं, नवीन काही? मी बोलले. “आज सकाळी भांडी घासताना सुचलं,” म्हणाले, आणि वनिताची कल्पना सांगितली. उदाहरण तेवढं बदललं. हमालाच्या जागी पापडाचं पीठ हातानं जोखणारी आजी घातली. म्हणजे किती शुद्धीवर होते बघा. सरांनी टेबलावर हात आपटला. पाटणकर मॅडम म्हणाल्या, “आम्हाले तं भांडे घासताना सासूच आठवते वं माय! तुम्हाले हे कसं सुचते?” हशा झाला. वनितानं वर पाहिलं. आधी तिच्या चेहऱ्यावर आनंद आला — खराच आनंद, गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यासारखा. मग तो तिथेच थांबला.

सगळे गेल्यावर ती माझ्याकडे आली. रागानं नाही. रागानं आली असती तर कदाचित मी — नाही, तेही आता म्हणत नाही.

“मॅडम, हे मी बोलली होती का हो मागं? चहा आला होता तेव्हा?”

मी रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं. तिनं पान काढलं, एकेका क्रमांकावरून बोट फिरवलं. आठवर आली. रेघ होती, माझी सही होती.

“नाही दिसत,” ती म्हणाली. “मंग मी मनातच म्हटलं असन. पण मले तं तो हमालसुद्धा आठवून राहिला...”

इथे गप्प राहिले असते तरी एक वेळ लबाडीवर भागलं असतं. पण सरांनी प्रशिक्षणातली काही पानं आम्हाला वाटली होती, आणि ती नीट वाचलेली मी एकटीच. त्यात होतं, की कधी कधी दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट माणसाच्या डोक्यात राहते, कुठे ऐकली ते पुसलं जातं, आणि ती स्वतःलाच सुचली असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. मी ते तिला समजावून सांगितलं. प्रेमानं, खांद्यावर हात ठेवून. म्हणाले, “होतं असं वनिता. मेंदू फसवतो आपल्याला. आत्ता माझं ऐकलंस ना, आणि तुला वाटलं आधी तुलाच सुचलं होतं. त्यात तुझा दोष नाही.”

तिनं माझी माफी मागितली. ती मी घेतली.

हा माझा गुन्हा. कल्पना घेतली तो नव्हे, तो त्यामानानं लहान. तिचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास मी काढून घेतला, आणि तोही शास्त्राचं नाव घेऊन.

पुढच्या शनिवारपासून ती काही बोलायच्या आधी विचारू लागली, “हे कोणी बोललं तं नाही ना आधी?” मग बोलून झाल्यावर शेजारच्यांना विचारू लागली, “मी आत्ता बोलली ना वं?” पाटणकर मॅडम चेष्टा करायच्या. दिवाळीनंतर ती बैठकीत नुसती बसू लागली. वर्षाच्या शेवटी तिच्या अहवालात एक रकाना होता : नवीन कल्पना सुचवतात का? तो मला भरायचा होता. मी मागचे चार महिने पाहिले आणि ‘नाही’ लिहिलं. रजिस्टराप्रमाणे ते बरोबर होतं. तिची नेमणूक वाढली नाही.

आमचा शनिवारचा वर्ग गाजला. मला दुसऱ्या शाळांत बोलावू लागले, कल्पना कशा सुचतात ते सांगायला. मी भांड्यांची गोष्ट सांगते. इतक्यांदा सांगितली, की आता त्या सकाळच्या साबणाचा वाससुद्धा येतो मला. कधीच नव्हती ती सकाळ. मेंदू खरंच फसवतो, आणि मनात आणलं तर त्याच्याआड मला लपता येईल. पण मला सालीही आठवतात.

अजून एक आहे. ते लिहू की नको, असं करत दोनदा पेन खाली ठेवलं. पाटणकर मॅडमनी ती कल्पना सांगितली असती तर मी ती गाळली असती का? नसती. त्यांचं आडनाव, त्यांची ओळखपाळख, दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या शाळेत करतील तो गलका — मी धजले नसते. वनिता मेश्राम ऐकून घेईल, हे मला माहीत होतं. काहून माहीत होतं, हे नागपुरातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

यंदा जूनमध्ये शिक्षकांच्या एका शिबिरात माझं भाषण होतं. तिसऱ्या रांगेत वनिता होती. कामठीतल्याच एका शाळेत शिकवते आता. भांड्यांची गोष्ट मी तिच्यासमोर सांगितली. थांबले नाही. अडखळलेही नाही. नंतर ती पुढे आली, माझ्या पाया पडली.

“मॅडम, तुमची गोष्ट मी अजून विसरली नाही,” म्हणाली. “मेंदू फसवते ती. माही पोरगी पाचवीत आहे. तिलेही सारखं काही ना काही सुचत राहते. मी तिले सांगतो, थांब वं बाई, आधी पाहा, कुठं ऐकलं तं नाही ना? तुह्यं नसन ते. आता चांगली शांत झाली.”

मी “छान” म्हणाले. तिनं घरचा पत्ता दिला, या म्हणाली. मी तो लिहून घेतला.

तेव्हापासून माझ्या रोजच्या यादीत एक काम आहे : कामठी, वनिताकडे, तिच्या मुलीसमोर सांगणे. रात्री बाकीच्या कामांवर काट मारते आणि हे एक दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवते. सुट्टीच्या दिवशीही बसला तासाच्या वर लागत नाही. घर बस थांब्यापासून चालत पाच मिनिटं.

आजही उतरवलं आहे.