कारापूरच्या बागेत आतून बांधलेलं दार

"गोव्यात कसली आलीय थंडी?" आम्ही जानेवारीत कॅम्पर ट्रेलर घेऊन निघतोय असं ज्याला ज्याला सांगितलं, त्याने हेच विचारलं. मलाही तसंच वाटत होतं. सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून पत्र्याचा हा छोटा ट्रेलर बनवला होता. दोघांपुरता पलंग, ओटा, एक खिडकी आणि छताला झडप. पंधरा दिवस त्यातच राहायचं, हॉटेलात एकदाही नाही, असं ठरवून आम्ही ठाण्याहून निघालो.

मुक्काम करत, ट्रेलर मागे ओढत, पत्रादेवीच्या नाक्यावरून गोव्यात, पेडण्यात शिरलो. तुम्ही जाणार असाल तर एक सांगते: किनाऱ्यावर कुठेही ट्रेलर लावून राहायच्या भानगडीत पडू नका, पोलीस उठवतात. कुणाच्या तरी आवारात विचारून जागा घ्यावी. आम्ही केरीला एका खानावळीच्या मागे थांबलो. सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा, गरम उंडे, पातळ भाजी. ट्रेलर तिथेच ठेवून फेरीबोटीने तेरेखोलला गेलो, किल्ल्यावरून नदी समुद्राला मिळताना पाहिली. तीन दिवस छान गेले. थंडीचं नाव नव्हतं.

थंडी भेटली ती डिचोलीत. अस्नोड्यावरून रस्ता आत वळतो, समुद्राचं वारं मागे राहतं आणि झाडी दाट होते. साखळीजवळ कारापूरला सुधीरच्या जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने पुंडलिकभाऊंच्या माड-पोफळीच्या बागेत जागा मिळाली होती. भाऊ सत्तरीचे, कमी बोलणारे. त्यांची बायको सत्यवतीवहिनी मात्र पहिल्याच तासाला कमरेवर हात ठेवून समोर उभी.

"तो टेप कित्याक लावला?"

सुधीर जमीन मोजत होता. ट्रेलर तिरका राहिला तर रात्रभर डोकं खाली घसरतं, म्हणून चाकांखाली फळ्या घालाव्या लागतात. त्याने तसं सांगितलं.

"आणि फोटो?"

"आठवणीला, वहिनी."

"माडांचे फोटो आठवणीला?" असं म्हणून ती गेली.

मला हे आवडलं नाही. पाहुण्यांना कुणी असं विचारतं का? संध्याकाळी ती तांब्यातून दूध घेऊन आली, तेही दारातून आत वाकून बघत. पलंग, कपाट, सिलिंडर, सगळ्यावरून नजर फिरवली. "एवढ्याशा पेटीत कशी रवतात तुम्ही?" तिच्या प्रश्नात मला कौतुक दिसलं नाही.

पहाटे जाग आली ती थंडीने. बाहेर इतकं धुकं की दोन पावलांवरची पोफळ दिसेना. तापमानाचा आकडा सोळाचाच होता, पण पत्र्यात सोळा म्हणजे काय ते तिथे झोपल्याशिवाय कळत नाही. छतावरून दव आतल्या बाजूने ठिबकत होतं, पांघरूण ओलं. सुधीरने गॅसवरची छोटी शेगडी पेटवली, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून छताच्या झडपेत टॉवेल कोंबला. पुन्हा डोळा लागला. सातला उठलो तेव्हा दोघांचंही डोकं ठणकत होतं.

"दूध," मी म्हटलं.

"वेडी आहेस का?"

पण मला पटत नव्हतं. मी रात्री दूध प्यायले होते, त्यानेही. दहापर्यंत बाहेर हिंडलो, साखळीच्या बाजारातून भाजी आणली, डोकं उतरलं. दुसऱ्या संध्याकाळी वहिनीने पुन्हा दूध आणलं. मी हसून घेतलं आणि ती गेल्यावर पायरीखाली ओतून दिलं. पहाटे पुन्हा शेगडी लावून झोपलो, आणि सकाळी डोकं दुखलंच, शिवाय सुधीरला उलटी झाली. आता माझा संशय विहिरीच्या पाण्यावर गेला. पाणी तिच्याच विहिरीचं.

त्या दिवशी दुपारी मी तिला ट्रेलरभोवती फिरताना पाहिलं. चाकाजवळ वाकली, खालच्या जमिनीकडे बघत राहिली, मग फळ्या मोजल्यासारखं बोट हलवलं. मला बघताच म्हणाली, "किती दिवस रवणार म्हणालात?"

"अजून दोन."

"बरं." आणि पाठ फिरवून गेली.

त्या संध्याकाळी मी एक दोरी घेतली. दाराची आतली मूठ आणि कपाटाची मूठ घट्ट बांधून टाकली. सुधीर हसला, पण त्याने सोडली नाही. पाणी बाटलीबंद आणलं होतं, जेवण साखळीहून. वहिनीच्या हातचं काहीच पोटात गेलं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त झोपले.

पहाटे शेगडी पेटवल्याचं आठवतं. नंतरचं तुटक आठवतं. खिडकीवर कुणीतरी थापा मारतंय. मला उत्तर द्यायचं होतं, पण जीभ हलेना. हात उचलला तो पलंगावरून खाली पडला. सुधीर शेजारी होता आणि मी त्याला हाक मारत होते असं मला वाटत होतं. बाहेर वहिनीचा आवाज ऐकू आला, "जनेल उगड गो! जनेल!" मग काच फुटली.

तिने कोयत्याच्या मुठीने काच फोडली, हात आत घालून शेजारच्या दाराची दोरी कापली. पुंडलिकभाऊंनी सुधीरला ओढून ओल्या पाचोळ्यावर आणलं. मला तिने बगलेत धरून बाहेर काढलं. गार हवा तोंडावर आल्यावर मी भडभडा ओकले. सुधीर डोळे उघडत नव्हता. ती त्याच्या गालावर चापट्या मारत होती, "दादा, ओ दादा, माझ्याकडे बघा!" त्याने बघितलं तेव्हा मी तिचा पदर धरून रडायला लागले.

भाऊंनी शेजाऱ्याच्या गाडीने आम्हाला दवाखान्यात नेलं. प्राणवायूची नळी लावता लावता डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "बंद जागेत काही पेटवलं होतं?" सुधीरने मान हलवली. त्यांनी झडपेत टॉवेल कोंबल्याचं ऐकलं आणि प्राणवायूचा प्रवाह वाढवला. मग शांतपणे म्हणाल्या, "बंद जागेत शेगडीतून जो विषारी वायू होतो त्याला वास नसतो. अजून अर्धा तास गेला असता तर तुम्ही इथे आला नसता."

दुपारी वहिनी पेज घेऊन आली. मी ती प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत.

"तुम्ही इतक्या सकाळी कशा आलात?" मी विचारलं.

ती खुर्चीवर टेकली. "खरं सांगू? जा म्हणून सांगायला आलेले. पलीकडच्या डोंगरावर असेच दोघे आलेले. टेप, फोटो. म्हणाले फिरायला आलोय. सहा महिन्यांत जमीन विकली गेली, कुंपण घातलं. आमची गुरं जायची ती वाट बंद." थांबून म्हणाली, "आणि पायरीखाली दूध ओतलेलं बघितलं. म्हटलं, माझं दूध ओततात ती माणसं भली नव्हेत. उजाडताच जाऊन विचारते."

"मला वाटलं तुम्ही दुधात काहीतरी..." एवढंच बोलले.

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती उठली, पेजेचं भांडं पदराने पुसलं आणि म्हणाली, "ते दूध मी माझ्या नातीच्या वाटचं काढून आणलेलं."

दोन दिवसांनी आम्ही निघालो. दवाखान्यातून परतल्यावर सुधीरने शेगडी स्वतःच मोडून भंगारात दिली. भाऊंनी वाटेसाठी नारळ दिले. वहिनी दारात आली नाही, पण गाडी वळताना माडांमागून बघत होती.

थंडीत ट्रेलरमध्ये राहणाऱ्यांनी हे पाठ करावं: आत ज्योत नको, झडप कायम उघडी, ओलावा झाला तरी चालेल, जाड गोधडी आणि लोकरीचे मोजे पुरतात. सकाळी दोघांचंही डोकं दुखत असेल आणि बाहेर पडल्यावर उतरत असेल, तर कारण आतच आहे. मी दोन दिवस ते बाहेर शोधलं.

घरी येऊन महिना झाला. सुधीर बरा आहे. पहाटे मी अजूनही त्याच्या छातीवर हात ठेवून बघते. वहिनीला फोन केला होता. पोचलात का, एवढंच तिने विचारलं. माफी मागायची होती, ती मागायच्या आधीच गाय सुटली म्हणून तिने फोन ठेवला.

आमच्या इमारतीत आम्ही अकरा वर्षं राहतो. समोरच्या दारातल्या बाईंशी लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती. परवा त्यांची बेल वाजवली आणि आमच्या घराची एक किल्ली पुढे केली.

त्यांनी ती लगेच घेतली नाही. "का हो? कुठे चाललाय का?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "असू दे तुमच्याकडे. कधी सकाळी आमचं दार उघडलं नाही तर."

दाराची साखळी न काढता त्या फटीतून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मी किल्ली धरून तशीच उभी राहिले.