एकाच सुरातलं ‘सरी’

येलहंक्याच्या दवाखान्यात मुलांचे डोळे तपासणारे अण्णा बेळगावकडचे. उत्तर बरोबर असो वा चूक, ते एकाच सुरात “सरी” म्हणतात, म्हणजे ठीक. माझा जीव मात्र टांगणीला लागतो. माझी मुलगी सुटं अक्षर झटकन ओळखते. तेच ओळीत, इतर अक्षरांच्या गर्दीत आलं की गप्प होते. “दिसतं हो तिला, घाबरते फक्त,” मी दर खेपेला म्हणायचे.

परवा अण्णांनी बाकावरच्या दोन बायकांना माझ्या दोन्ही बाजूंना उभं केलं. “अक्का, स्वल्प गप्प राहा हं,” मला म्हणाले. मग लेकीला म्हणाले, “जा, आईचा हात धर.”

ती आली, आमच्यासमोर थांबली आणि डावीकडच्या बाईचा हात निर्धास्त धरला.

अण्णा म्हणाले, “सरी.”