आत कोण आहे?

भिवंडीत एक दिवस काढला की संध्याकाळी केस विंचरताना कंगव्यात कापसाचं तूस निघतं. आपण लूमला हात लावलेला नसतो, कारखान्यात पाऊल टाकलेलं नसतं, तरी निघतंच. भाडेकरू सल्ला केंद्रातले किस्से माझ्याकडे असेच साठले. मी काही गोळा करायला गेले नव्हते. मी नुसती फोनशेजारी बसले होते.

तेही भीत भीत. कुणी मागून हाक मारली तर मी आधी दचकते आणि मग वळते. अशा मुलीला, केवळ ती बी.ए. आहे म्हणून, एका संस्थेने टेलिफोनवरच्या कायदेशीर सल्ल्याची सुपरवायझर नेमलं. आणीबाणीच्या जरा आधीची गोष्ट. माझ्या हाताखाली एकच माणूस होता, काळेकाका. कोर्टातून रिटायर झालेले बेलिफ. आयुष्यभर त्यांनी कोर्टाच्या हुकमाने लोकांचं सामान खोलीबाहेर काढलं होतं. आता ते आत ठेवायला आले होते.

"दोन्ही कामं सारखीच," ते म्हणायचे. "हे जरा हलकं. माठ उचलावा लागत नाही."

* * *

आमचं ऑफिस धामणकर नाक्याजवळ, एका लूमच्या कारखान्यावर. खाली चोवीस लूम. त्या खडखडाटात फोनची घंटा ऐकू येत नसे, म्हणून मी फोनवर तळहात ठेवून बसायचे. थरथरला की उचलायचा आणि दुसऱ्या कानात बोट घालायचं. पण लूममुळे टेबलच थरथरत असे. त्यामुळे दिवसातून तीसेक वेळा मी न आलेला फोन उचलायचे.

एक्स्चेंजवरच्या ऑपरेटरताई शांतपणे म्हणायच्या, "कोणी नाही हो. ठेवा."

पहिल्याच दिवशी वीज गेली. चोवीस लूम एकदम बंद. त्या शांततेत फोन खणखणला आणि मी अशी किंचाळले की रिसीव्हर, शाईची दौत आणि काकांचा चहा तिन्ही खाली गेले. रिसीव्हर उचलून कानाला लावला, तर पलीकडचा माणूस घाबरून विचारत होता, "बाई, तुमचाबी स्लॅब पडला का?"

त्याचा पडला होता. त्यासाठीच त्याने फोन केला होता.

* * *

घाबरले की मला काही सुचत नाही. तेव्हा काकांनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत तीन प्रश्न लिहून तो फोनसमोर टांगला.

भाड्याची पावती आहे का? आत कोण आहे? मालकाकडे कोर्टाचा कागद आहे का?

"एवढंच विचारायचं," काका म्हणाले. "क्रम बदलायचा नाही. चौथा प्रश्न सुचला तर पाणी प्यायचं."

मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या वकीलसाहेबांनी या तीन प्रश्नांमागचा कायदा मला समजावून दिला. कोर्टाच्या हुकमाशिवाय मालक कुणाला काढू शकत नाही. पण खोली रिकामी सापडली तर तो कुलूप घालतो, आणि मग भाडेकरूचे जोडे कोर्टात झिजतात. म्हणून ताबा सोडायचा नाही, खोलीत आपलं माणूस ठेवायचं. आणि मालकाने आपण होऊन ताबा मान्य केल्यासारखं काही केलं, पाणी दिलं, कौलं फिरवून दिली, तर त्याची नोंद करून ठेवायची.

मी भक्तिभावाने सगळं लिहून घेतलं. मग सहज विचारलं, "साहेब, आपणही भाड्यानेच राहता ना? पावती मिळते?"

"छे हो," वकीलसाहेब म्हणाले. "आमचे मालकांशी संबंध चांगले आहेत."

काकांनी तोंड फिरवून पुठ्ठा सरळ केला. तो सरळच होता.

* * *

सगुणाबाईंचा पहिला फोन आला तो या पुठ्ठ्यानंतरच्या आठवड्यात.

कामतघरला त्यांची सहा नंबरची खोली. नवरा वारलेला, एकुलती मुलगी अकलोलीकडे दिलेली. दिवसभर कांड्या भरून पोट भरायच्या. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती, सूत गुंडाळलेली. मालक दामूशेठ यांनी पाच आणि सात नंबर रिकामे करून घेतले होते आणि दोन्हीकडे लूम बसवले होते. आता मधल्या भिंती पाडून सलग शेड करायची होती. मधे फक्त सगुणाबाई होत्या.

"दोन्ही भिंती थरथरत्यात, बाई. मांडणीवरची भांडी आपोआप चुलीपाशी येत्यात. पन मी जानार कुठं? मला दुसरं घर न्हाय."

मी पुठ्ठा वाचला. पावती होती. आत त्या स्वतः होत्या. "मालकाकडे कोर्टाचा कागद आहे का?"

"थांबा हां, इचारते," म्हणाल्या, आणि माझ्या कानातच ओरडल्या, "ओ शेठ! कोर्टाचा कागद हाय का तुमच्याकडं?"

लांबून एक जाड आवाज आला, "कसला कागद?"

"न्हाय म्हनत्यात," सगुणाबाई मला म्हणाल्या.

मी विचारलं, "तुम्ही बोलताय कुठून?"

"शेठच्या बंगल्यातून. अख्ख्या चाळीत फोन त्यांच्याकडंच हाय ना!"

मी कुजबुजत म्हटलं, मग हळू तरी बोला. त्यांना ते पटलं नाही. "हळू कशाला? त्यांचंच तर चाललंय."

मागून एका म्हातारीचा आवाज आला, "दाम्या, तू गप बस. बोलू दे तिला. सगुणा, आधी च्या पी, गार होतोय." ही दामूशेठची आई. सगळी चाळ तिला आय म्हणायची. नव्या बंगल्याच्या फरशीवर तिचा पाय घसरायचा, म्हणून ती दुपारभर सहा नंबरमध्ये बसून कांड्या भरायची, असं मला पुढे कळलं.

त्यानंतरही सगुणाबाईंचे फोन त्याच बंगल्यातून यायचे. एकदा मी जो सल्ला दिला तो त्यांना नीट ऐकू आला नाही, तर दामूशेठनी तो परत सांगितला. बरोबर सांगितला!

* * *

ऑपरेटरताईंना मी कधी पाहिलं नाही. पण आमचे सगळे फोन त्याच जोडून द्यायच्या, आणि जोडून दिल्यावर लगेच कानावरचं काढून ठेवत असतील असं मला तरी वाटत नाही. एकदा एक गृहस्थ जिना चढून ऑफिसात आले आणि म्हणाले, "तुमच्या मोठ्या बाईंचे आभार मानायचे होते. काल फार चांगला सल्ला दिला."

मी म्हटलं, काल तर मी सुट्टीवर होते. काकाही नव्हते. ऑफिस बंद होतं.

"हो, त्या म्हणाल्या ऑफिस बंद आहे. म्हणून त्यांनीच विचारलं, पावती आहे का, आत कोण आहे..."

मी रागावून फोन उचलला. ठरवलं होतं की चांगलं सुनवायचं. ताईच बोलल्या, "आधी मला सांगा, तुम्ही सुट्टीवर जाताना खोलीत माणूस का ठेवत नाही?"

मी सॉरी म्हटलं.

* * *

धामणकर नाक्यापलीकडच्या एका चाळीत एका खोलीत बाराजण राहायचे. सहा दिवसपाळीचे, सहा रातपाळीचे. अंथरुणं सहाच. एक गट उठला की दुसरा त्याच ऊबेत झोपायचा. तिथल्या मालकाने सकाळी शिफ्ट सुटताना सहाजण बाहेर पडलेले पाहिले, दार ढकललेलं पाहिलं, आणि बाहेरून आपलं कुलूप घातलं.

संध्याकाळी दिवसपाळीवाले परतले. त्यांच्यातल्या एकाने पानवाल्याच्या फोनवरून फोन केला. "बहनजी, हमारी खोली पे ताला मार दिया सेठ ने!"

पुठ्ठ्याप्रमाणे दुसरा प्रश्न विचारला. "आत कोण आहे?"

"अंदर रातपाली है."

"काय करतेय?"

"अभी उठी नहीं."

काका पोलिसाला घेऊन गेले. मी पण गेले, कारण ऑफिसात एकटी बसायला मला भीती वाटते. शंभरेक माणसं जमली होती. मालक घामाघूम होऊन किल्ली शोधत होता, सहा माणसं दिवसभर कोंडून ठेवल्याचं पोलीस त्याला समजावून सांगत होता. शेवटी कुलूप निघालं. दार उघडलं. आतल्या सहापैकी एकजण डोळे चोळत उठला, बाहेरची गर्दी बघितली, आणि कोपऱ्यातली बादली उचलून पळत आला.

"पानी आया?"

* * *

खोली रिकामी ठेवू नका, हा आमचा सल्ला लोक फारच मनावर घ्यायचे. एक तरुण वार्पर होता, म्हणजे लूमसाठी उभं सूत गुंडाळणारा, वर्तक नावाचा. त्याचा फोन आला तेव्हा त्याचं लग्न तीन दिवसांवर होतं, गाव लांब होतं, आणि मालक रोज दारावरून फेऱ्या मारत होता.

"मॅडम, खोली सोडू की लग्न सोडू?"

मी पुठ्ठ्याकडे पाहिलं. पुठ्ठ्यावर हे नव्हतं. मी पाणी प्यायले. काकांनी माझ्या हातून फोन घेतला.

"मुलीकडच्यांना म्हणावं, लग्न खोलीत लावू. खोलीत माणूस वाढेल."

लग्न खोलीत लागलं. जागा इतकी कमी होती की भटजी उंबऱ्यावर बसले. आम्हालाही बोलावणं होतं. मालक अक्षता टाकायला आला आणि गर्दीमुळे त्याला आत शिरता आलं नाही. काकांनी रजिस्टरमध्ये नोंद केली: 'मालकास प्रवेश मिळाला नाही.'

* * *

श्रावण सरत आला होता तेव्हा सगुणाबाईंचा फोन आला. या वेळी पानवाल्याकडून, आणि आवाज अगदी खाली. मी घाबरलेच. त्या कधी हळू बोलत नसत.

मुलीचे दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण, आणि सासरी दुसरं कुणी करणारं नव्हतं. आठ दिवस तरी अकलोलीला जावंच लागणार होतं. आणि दामूशेठने नवीन कुलूप आणून ठेवलं होतं, हे चाळीतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मी ग्येले तर खोली जाती. न्हाय ग्येले तर पोरगी एकली. तुमी सांगा, काय करू?"

मला वाईट वाटतं ते याचं की मला काहीही सांगता आलं नाही. मी फक्त पुठ्ठा वाचला. "आत कोणीतरी ठेवा, सगुणाबाई. विश्वासाचं माणूस."

"चाळीत समदी ड्युटीवाली. आठ दिस बसनारं कोन हाय?" मग म्हणाल्या, "बघते. हाय एक."

मी विचारलं नाही कोण. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. काका म्हणाले, "सुपरवायझरबाई, फोनवरचा हात काढा. येणार असेल तर येईल."

चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली. लूम थांबले. अर्ध्या तासाने त्या शांततेत फोन वाजला. मी किंचाळायच्या आत ऑपरेटरताई म्हणाल्या, "कामतघरहून दामूशेठ आहेत. दचकू नका. कप बाजूला ठेवलाय ना? देते."

"भाडेकरू सल्ला केंद्र का?" जाड आवाज. पण बसलेला. "मला सल्ला पायजे. मालकाला देता का?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी पुठ्ठ्याकडे बोट केलं.

"पावती आहे का?" मी विचारलं.

"अवो पावत्या मीच फाडतो! ऐका जरा. सहा नंबरवाली गावाला ग्येली. दार नुसतं लोटलेलं. आज सकाळी मी कुलूप घातलं. आता खोटं कशाला बोलू, घातलं. घरी आलो, जेवाय बसलो, तर आय न्हाय. बायको म्हनती, चार दिस झालं, आय सकाळी जाती ती दिवेलागणीलाच येती, तुमचं ध्यान कुठं असतं? शोध शोध शोधली. लूमच्या आवाजात काय ऐकाय येतं का? आता वीज ग्येली तवा समद्या चाळीला ऐकू आलं. मला शिव्या देत व्हती. आतून."

"आत कोण आहे?" मी विचारलं. क्रम बदलायचा नव्हता.

"आमची आय!"

"कुलूप काढलंत?"

"काढलं. पन ती भाईर येत न्हाय! म्हनती, सगुणा मला सांगून ग्येलीय. आता सगुणा येईस्तोवर रातची पन हितंच निजनार. अंथरूण आनाय लावलंय. समदी चाळ दारात उभी हाय, बाई. हात धरून काढली तर लोक काय म्हनतील?"

तिसरा प्रश्न राहिला होता. तोही विचारला. "त्यांना बाहेर काढायला तुमच्याकडे कोर्टाचा कागद आहे का?"

मग दामूशेठ हळूच म्हणाले, "तीबी ह्येच इचारती."

काका रजिस्टर उघडून, पेन्सिल धरून बसले होते. मला वाटलं फोन ठेवतील आता. ठेवला नाही. घसा साफ केला. चाळीच्या मालकाचा उरला नव्हता तो आवाज. उशीर झाल्यावर घरी आलेल्या पोराचा होता.

"बाई, एक इचारू? ती सकाळधरनं उपाशी हाय. जेवान आत न्हेऊन दिलं, तर ताबा मान्य केल्यासारखं व्हतं का?"

मी तोंड उघडलं. पण उत्तर मधल्यामध्ये तारेवरूनच आलं, ठणठणीत, ऑपरेटरताईंच्या आवाजात.

"होतं! आणि पाणीही न्या."