बाराचा नाच

खेड तालुक्यातल्या त्या वाडीत गौरी-गणपतीला जाखडी बसवावी तर केरूनंच. मुंबईची पोरं सुट्टी काढून यायची, पायांत चाळ बांधायची आणि मधे बसून गाणाऱ्या केरूभोवती फेर धरायची. नाचायला बाराच हवेत, हा त्याचा हट्ट. बारा मोठा गुणी आकडा, म्हणायचा. दोन-दोन फोडा, तीन-तीन फोडा, चार-चार, सहा-सहा, कुणी एकटा पडत नाही. सुरू करण्याआधी तो पायरीवर बसलेल्या बायकोला, सोनूबाईला, हाक मारायचा, "भरले काय गो बारा?" ती बोटानं मोजून मान हलवायची. मगच गंगारामची थाप मृदंगावर पडायची.

त्या बारांतला एक त्यांचा ओमकार. यंदा शिमग्याला आला, मित्रांबरोबर आरे-वाऱ्याच्या समुद्रात पोहायला गेला आणि घरी आला तो चादरीत गुंडाळलेला.

वर्ष सरलं नव्हतं, म्हणून केरूकडे या खेपेला गणपती नव्हता. वाडीचा नाच तरी बंद पडू नये म्हणून गंगारामनं तो आपल्या खळ्यात ठरवला. "शेजारच्या वाडीतला सुजय यायला तयार हाय. घेवया त्याला," तो म्हणाला.

केरू उसळलाच. "माझा पोरगा काय खुंटी हाय, मोडली की दुसरी ठोकायला? अकराचा बसवतो मी!"

मग तो रोज अंगणात काजूच्या अकरा बिया मांडून बसू लागला. जोड्या लावल्या, एक उरली. तीन-तीन मांडल्या, दोन उरल्या. चारांनी तीन, पाचांनी पुन्हा एक. भारीच हेकट आकडा.

"बाबा, अकराला एक नि अकरा सोडून कुनीच भागत नाय. मूळ संख्या हाय ती," दहावीतली लेक वेदिका हळूच म्हणाली.

केरूला काय ते कळत नव्हतं? त्याला बाकी उरायलाच हवी होती. एक जण एकटा नाचताना दिसला की माणसं विचारतील, ह्याचा जोडीदार कुठाय? तेवढंच पोराचं नाव निघेल.

सोनूबाई चुलीपुढून उठून आली आणि तिनं बारावी बी त्या उरलेल्या बीशेजारी ठेवली. "कुनाला एकटं नाचवून आपला लेक येनार हाय काय वो? बोलवा त्या सुजयला." ती रडली नाही. केरूच मान खाली घालून रडला.

गौरी आल्या त्या सांजेला खळ्यात फेर उभा राहिला. सगळ्यांचे सदरे सारखे, पटके सारखे. सुजयही त्यांतलाच एक दिसत होता. केरूनं सवयीनं हाक मारली, "भरले काय गो बारा?"

सोनूबाईचं बोट उठलं, फेरावरून फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं.

"गोल हाय ना वो ह्यो," ती म्हणाली. "दर वर्साला मी ओमकारपासून मोजायची. आता सुरवात कुठसून करू?"

इतके महिने साऱ्या घराला धीर देणारी ती बाई पायरीवरच हंबरडा फोडून रडू लागली. केरूनं गंगारामला खूण केली. थाप पडली. पोरं दोन-दोन झाली, तीन-तीन झाली, चार-चार झाली, आणि कुणीही उरलं नाही.